भेट मिळालेला जुना बक ११९ पहिल्या शिकारीला कसा वापरावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगनमध्ये कँटनला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांना शेजारच्या निवृत्त शिकाऱ्याने बक या अमेरिकी कंपनीचा आपला जुना ११९ क्रमांकाचा शिकारी सुरा कातडी म्यानासकट भेट दिला. पात्यावर 'बक ११९ यू.एस.ए.' एवढंच कोरलेलं आहे, दुसरी काही खूण नाही. येत्या १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम सुरू होईल तेव्हा ते पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जाणार आहेत. हा सुरा पुरेल का, धार कशी लावायची, निगा कशी राखायची आणि पुढे कधी पुण्याला नेता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

पुरेल. नीट सांभाळलात तर तुमच्यानंतरही कुणाला तरी पुरेल. पण हरणाच्या पोटात काम करायला सहा इंचांचं पातं गरजेपेक्षा लांब आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. ज्याने तो सुरा वापरला त्याच्याच हातून तुम्हाला मिळालाय, तेव्हा तो कपाटात ठेवा असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त लांब पात्याने काम करायची रीत वेगळी आहे आणि ती जंगलात पाऊल टाकायच्या आधी हाताला बसायला हवी.

तुमच्या हातात नेमकं काय आलंय ते आधी पाहू. होयट बक हा कॅन्ससमधला लोहाराकडचा उमेदवार. १९०२ च्या सुमारास त्याने पोलादाला पाणी देण्याची अशी रीत बसवली की अवजारांची धार नेहमीपेक्षा जास्त टिकू लागली. झिजून टाकून दिलेल्या कानशींपासून तो सुरे बनवायचा. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैनिकांसाठी सुरे केले, आणि १९४७ मध्ये मुलगा अल याच्यासोबत कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला दुकान मांडलं. कंपनी म्हणून तिची रीतसर उभारणी १९६१ ची. २००५ मध्ये सगळा कारखाना आयडाहोमधल्या पोस्ट फॉल्सला गेला. ११९ हा या घराण्याचा सगळ्यात ओळखीचा अखंड पात्याचा सुरा. अमेरिकेत 'हंटिंग नाइफ' म्हटल्यावर कित्येकांच्या डोळ्यांसमोर हाच आकार येतो.

पात्यावरच्या कोरीव अक्षरांवरून सुऱ्याचं वय काढता येतं. १९८६ पासून कंपनी क्रमांकाच्या शेजारी त्या त्या वर्षाची एक छोटी खूण उमटवते. तुमच्या पात्यावर क्रमांक आहे पण खूण नाही, म्हणजे तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८६ पर्यंतच्या काळातला. हे मी केवळ हौस म्हणून सांगत नाही, त्याचा धार लावण्याशी थेट संबंध आहे. १९८० च्या आसपासपर्यंत हे सुरे ४४०सी या पोलादाचे होते. त्यात कार्बन जवळपास एक टक्का असतो, त्यामुळे धार चिवट राहते, पण ती बोथट झाली की दगडावर घाम काढते. नंतर काही वर्षं ४२५एम आलं आणि नव्वदच्या दशकापासून ४२०एचसी. या शेवटच्या पोलादात कार्बन अर्धा टक्क्याच्या आत-बाहेर आणि क्रोमियम साधारण तेरा टक्के. कागदावर ते हलकं दिसतं. पण त्याला उष्णतासंस्कार इतका नेमका दिलेला असतो की कडकपणा रॉकवेल मापावर ५८ च्या जवळ जातो, आणि स्वयंपाकघरातल्या दगडावरही धार पटकन लागते. जुन्या शिकाऱ्यांच्या तोंडी 'बकला धार लावणं महाकठीण' असं जे असतं, ते जुन्या ४४०सीच्या आठवणीतून आलेलं. तुमचा सुरा कुठल्या पोलादाचा ते नुसत्या डोळ्यांनी कळणार नाही. दगडावर घेतलात की कळेल.

आता पात्याचा आकार. पाठीचा टोकाकडचा भाग किंचित आत कापल्यासारखा आहे, त्यामुळे टोक बारीक आणि धारदार झालंय. या आत कापलेल्या भागाला धार नसते आणि तुम्हीही ती काढू नका. तिथे अंगठा किंवा तर्जनी टेकवावी लागते, हे एक कारण. दुसरं कारण कायद्याचं, ते शेवटी सांगतो. पात्यावर लांब खोबण आहे, तिला 'रक्त वाहून जायची खाच' म्हणतात. रक्ताचा तिच्याशी काही संबंध नाही, तिने पातं थोडं हलकं होतं इतकंच. मुठीआधीची अॅल्युमिनियमची आडवी पट्टी, म्हणजे गार्ड, मात्र शोभेची नाही. मूठ काळ्या फिनॉलिक रेझिनची आहे, गुळगुळीत आहे, आणि रक्त-चरबीने माखली की हात पुढे सरकतो. तेव्हा ती पट्टीच बोटं धारेवर जाण्यापासून अडवते.

मुठीच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. पात्याचं पोलाद आत शिरताना अरुंद होतं आणि शेवटच्या टोपीपर्यंत जाऊन तिथे पिनेने बसवलेलं असतं. कापण्यासाठी ही रचना भक्कम आहे, पण ठोकण्यासाठी नाही. कंपनीची जुनी ओळखखूण आहे हातोड्याने ठोकून बोल्ट कापणारा सुरा. ती पाहून लोक हा सुरा लाकडाच्या ओंडक्यात घालून वरून दुसऱ्या लाकडाने हाणतात, आणि मला ते बघवत नाही. धारेकडे हे पातं आत वळवून पातळ केलेलं असतं, आणि ते पातळपण मांसासाठी आहे. गाठीच्या ओकमध्ये ते वळतं, नाहीतर त्याचा टवका उडतो. जळण फोडायला कुऱ्हाडच न्यावी. आपल्या मिशिगनचंच उदाहरण घ्या. अप्पर पेनिन्सुलातल्या ग्लॅडस्टोनच्या वेब्स्टर मार्बलने शिकाऱ्यांसाठी आधी केली ती खिशात मावणारी, धारेवर झाकण असलेली छोटी कुऱ्हाड, १८९८ च्या सुमाराला. त्याचे ते प्रसिद्ध शिकारी सुरे त्यानंतर आले. त्या पिढीचा माणूस कुऱ्हाड आणि सुरा दोन्ही बाळगायचा आणि एकाचं काम दुसऱ्यावर टाकत नसे.

आता मुख्य काम. हरीण पडलं, खात्रीने मेलंय हे पाहिलं, बंदूक रिकामी करून बाजूला ठेवली, टॅग लावला. मग कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवायचे, आणि सुरा न धरलेल्या हातात शक्य तर आत चिरप्रतिबंधक मोजा घालायचा. हरीण उताणं करा आणि जमेल तर डोकं चढाकडे ठेवा, म्हणजे आतडी खाली घसरायला मदत होते.

पहिलं काम मागच्या बाजूचं. गुदद्वाराभोवती पातं खोल फिरवून मोठ्या आतड्याचं तोंड कंबरेच्या हाडांमधून मोकळं करायचं आणि दोरीने बांधायचं. इथे तुमची सहा इंचांची लांबी खरोखर उपयोगी पडते. पातं हाडाला चिकटवून, छोट्या छोट्या झटक्यांनी फिरवा. हाडाच्या फटीत पातं घालून पिळायचा मोह होतो, कारण कोवळ्या हरणाचं हाड तसं उघडतं. ते करू नका. जुन्या बकची टोकं बहुतेक वेळा इथेच मोडलेली असतात. हाड उघडायचंच असेल तर हातभर लांबीची घडीची करवत पंधरा-वीस डॉलरला मिळते, ती जवळ ठेवा.

पोट उघडताना मात्र हीच लांबी आड येते. कातडी आणि पोटाचा पडदा यांच्या लगेच खाली जठर फुगलेलं असतं. बारीक टोक एवढंसं आत शिरलं की अर्धवट पचलेला चारा मांसावर पसरतो आणि मग त्या बाजूचं मांस धुऊन, छाटून बरंच वाया जातं. छोट्या सुऱ्यात तर्जनी पाठीवरून टोकाजवळ टेकते आणि टोक कुठे आहे ते बोटालाच कळतं. सहा इंचांच्या पात्यावर बोट तिथवर पोचत नाही. म्हणून मूठ सोडा आणि हात पुढे न्या. पात्याच्या दोन्ही सपाट बाजूंना अंगठा आणि बोटं अशी टेकवा की पाठ तळहाताकडे राहील, धार बाहेरच्या बाजूला, आणि टोकाकडचं दोनेक इंचच पातं मोकळं राहील. मूठ मनगटाखाली येईल. विचित्र वाटतं, पण घरी बोथट पट्टीवर पाच मिनिटं सराव केलात तर हात शिकतो.

छातीचं हाड संपतं तिथे कातडी चिमटीत वर उचला आणि बारीकसा छेद घ्या. त्यातून डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, तळहात वर करून, आत घाला. दोन बोटांची फट करा आणि पोटाचा पडदा वर उचलून धरा. आता पातं त्या फटीत, धार आभाळाकडे. दोन बोटं पुढे सरकतात, पातं मागून येतं, आणि आतडी बोटांच्या खाली दबलेली राहतात. घाई केलीत तर बोट आणि टोक एकमेकांना चुकतात. सावकाश केलंत तर कंबरेपर्यंतचा छेद मिनिटभरात होतो आणि आतलं काहीही फुटत नाही.

धार आभाळाकडे ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे, तो नवखे लोक हमखास विसरतात. हरणाचे केस जाड, आतून पोकळ आणि मातीने भरलेले असतात. वरून खाली कापलंत तर धार आधी त्या केसांच्या आणि वाळूच्या थरातून जाते आणि एका हरणातच बोथट होते. आतून बाहेर कापलंत तर तिला फक्त कातडीची मऊ बाजू लागते. मांसात केसही कमी पडतात. कातडी सोलतानाही हेच, प्रत्येक लांब छेद आतून बाहेर.

मग छातीचा पडदा बरगड्यांच्या कडेकडेने दोन्ही बाजूंनी कापायचा आणि श्वासनलिका वर गळ्याजवळ तोडायची. म्हणजे हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी असा सगळा कोथळा एका ओढीत बाहेर येतो. शिकारीतल्या बहुतेक जखमा याच क्षणी होतात. दोन्ही हात कोपरापर्यंत आत, डोळ्यांना काही दिसत नाही, बोटं थंडीने आणि रक्ताने बधिर, आणि त्या अंधारात सहा इंचांचं पातं. नियम एकच आहे आणि तो मोडायचा नाही: श्वासनलिका धरलेला हात कुठे आहे हे नक्की कळल्याशिवाय पातं हलवायचं नाही, आणि छेद नेहमी त्या हाताच्या पलीकडे, गळ्याच्या बाजूला घ्यायचा. पहिल्या हरणाला मी तुम्हाला याहून सोपा रस्ता सुचवतो. डोकं भिंतीवर लावायचं नसेल तर त्याच करवतीने छातीचं हाड मधोमध उघडा. मग सगळं डोळ्यांसमोर येतं आणि आंधळेपणाने कापायची वेळच येत नाही. मदतीला मित्र असेल तर त्याने पाय धरावेत. एका प्राण्यात एका वेळी एकच सुरा चालला पाहिजे.

सुरा खाली ठेवायची जागाही ठरवून घ्या. नोव्हेंबरच्या चार वाजताच्या उजेडात, ओकच्या तपकिरी पानांवर काळी मूठ अक्षरशः नाहीशी होते. मी माझी केशरी टोपी उजव्या गुडघ्याजवळ उलटी ठेवतो. सुरा हातात नसेल तर टोपीत असतो, तिसरी जागा नाही. रक्ताळलेलं पातं म्यानात परत घालू नका. कातडी म्यान एकदा रक्त-चरबी प्यालं की ते धुऊन निघत नाही.

घरी किंवा छावणीवर हरीण टांगून सोलताना ११९ चा खरा गुण दिसतो. पात्याच्या पोटाला टोकाकडे छान वर जाणारी वळणदार कमान आहे, आणि कातडी ताणून धरून त्या कमानीने लांब, हलके झटके दिले की ती मांसापासून सुटत जाते. पण आपल्याकडचा खाटीक बकरा कसा सोलतो ते आठवा. सुरी कमी चालते, मूठ जास्त चालते. मांड्यांशी आणि मानेशी सुरा, मधल्या पाठीला कातडी ओढा आणि मूठ दाबत खाली न्या. हरीण गरम असताना हे फार सोपं जातं. मांस हाडावरून काढताना, विशेषतः पाठीचे लांब पट्टे काढताना, सहा इंचांचं पातं अगदी योग्य मापाचं वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा की पोट उघडायला तीन-चार इंचांच्या पात्याचा दुसरा छोटा सुरा खिशात असू द्या. बकचाच १०२ चार इंचांचा आहे. नाहीतर टोक किंचित खाली उतरलेला, पाठ टोकाकडे झुकणारा कुठलाही सुरा चालेल. कॅलिफोर्नियाच्या बॉब लव्हलेसनी हा आकार शिकाऱ्यांमध्ये रुजवला, तो याचसाठी: टोक खाली असल्यामुळे ते जठरात घुसत नाही. मग सोलायला, मांस काढायला आणि मागच्या बाजूच्या कामाला तुमचा ११९. शेजारीबुवांनाही हे विचारून बघा. त्यांनी पोट उघडायला दुसरंच काही वापरलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

धारेबद्दल. सर्वात आधी, चिमटीतून ओढायचं ते दहा डॉलरचं यंत्र जवळही फिरकू देऊ नका. ते धार लावत नाही, पोलाद खरवडून काढतं, आणि गार्डजवळ एक पायरी पाडून ठेवतं जी पुढे दगडाने जाता जात नाही. एक दुहेरी हिऱ्याची पट्टी घ्या, एका बाजूला साधारण तीनशेचा कण, दुसऱ्या बाजूला सहाशेचा (आकडा मोठा तितका कण बारीक). आर्कान्सासचा निसर्गदत्त दगड सुंदर असतो आणि ४२०एचसीवर चालतोही, पण तुमचा सुरा ४४०सीचा निघाला तर त्यावर संध्याकाळ जाईल.

कोन अंदाजाने धरू नका, मोजा. पाठ दगडापासून किती उचलायची ते रुंदीवर ठरतं. पात्याची रुंदी एक इंच धरली तर साडेसहा मिलिमीटर उचलल्यावर एका बाजूला साधारण १५ अंश होतात, साडेआठ मिलिमीटरला २०. नव्या बकला १५ च्या आसपास ठीक आहे. जुन्या पात्यांची धारेमागची जाडी जास्त असते आणि तुमच्या सुऱ्यावर आधीच्या मालकाचा कोन बसलेला आहे. तो कोन शोधायला धारेवर काळ्या मार्करने रेघ मारा आणि दगडावर एकदा हलकेच फिरवा. शाई फक्त वरच्या कडेची गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेवरची गेली तर फार वर. पूर्ण पट्टा स्वच्छ झाला की तोच तुमचा कोन.

मग एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला पोलादाची बर, म्हणजे उलटलेली बारीक कड, येईपर्यंत. ही बर धारेच्या आडव्या दिशेने अंगठा बाहेर ओढला की जाणवते, लांबीच्या दिशेने बोट कधीही फिरवायचं नाही. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे बर आली पाहिजे. जिथे आली नाही तिथे धार लागलेली नाही, मग तुम्ही कितीही वेळ घासलेलं असो. कमानीशी आलात की मूठ हळूहळू वर उचला, नाहीतर टोकाजवळची धार दगडाला लागतच नाही. टोक दगडावरून खाली घसरू देऊ नका, गोल होतं. दोन्ही बाजू झाल्या की सहाशेच्या कणावर हलक्या हाताने बर काढा आणि जुन्या कातडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-पंधरा वेळा ओढा. इथेच थांबा. आरशासारखी चकचकीत धार कागद फार छान कापते, पण कातडी आणि पडदे यांना सहाशेच्या कणाने ठेवलेले सूक्ष्म दात जास्त चांगले धरतात. माझ्या मते शिकारीच्या सुऱ्याला ही थोडी खरखरीत धारच शोभते.

म्यानाकडे वळू. कातडी म्यान कमरेवर बाळगण्यासाठी आहे, सुरा साठवण्यासाठी नाही. कातडं हवेतली ओल धरून ठेवतं, आणि कमावतानाचे क्षार त्यात असतात. 'स्टेनलेस' पोलादावरही काही महिन्यांत काळे ठिपके पडतात, ते पुढे खड्डे होतात. हंगाम संपला की सुरा कोमट पाण्यात साबणाने हाताने धुवा. डिशवॉशरमध्ये कधीच नाही. पुसून पूर्ण वाळवा, खनिज तेलाचा हलका हात फिरवा आणि मेणकागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवा. गार्ड आणि पात्याच्या फटीत रक्त वाळून बसतं, तिथे जुना टूथब्रश. म्यानाची शिवण धारेच्या बाजूने नीट तपासा. जुन्या म्यानात धारेने दोरा आतून कापलेला असतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्यानावर हाताची मूठ वळून सुरा ओढायची सवय असेल तर कापलेल्या शिवणीतून धार थेट बोटांवर येते. म्यान तोंडाजवळ पाठीच्या बाजूने धरा, बोटं धारेच्या बाजूला नकोत. शिवण सैल असेल तर चांभारकाम करणाऱ्या कुणाकडूनही मेणदोऱ्याने शिवून घ्या, मूळ म्यान टाकू नका.

मिशिगनमधल्या शिकाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत असायलाच हवी. हरणांमधला मेंदूचा जीवघेणा रोग क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी, इथल्या मोकाट हरणांत २०१५ मध्ये लान्सिंगजवळच्या मेरिडियन टाउनशिपला पहिल्यांदा सापडला. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरी बाधित प्राण्याचं मांस खाऊ नका असाच अधिकृत सल्ला आहे. म्हणून मेंदू, मणका, प्लीहा आणि लसिका ग्रंथी यांत सुरा घालायचा नाही, मांस हाडावरून काढून घ्यायचं, आणि तुमचा भाग तपासणीच्या यादीत असेल तर डोकं डीएनआरकडे, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडे, द्यायचं. हा रोग पसरवणारे प्रथिनकण (प्रायॉन) उकळत्या पाण्याने नष्ट होत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की घरगुती ब्लीचचं ४० टक्के द्रावण, म्हणजे दोन भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी, पाच मिनिटांत स्टेनलेस पोलादाच्या पृष्ठभागावरचे हे कण निष्प्रभ करतं. मांसाचे तुकडे चिकटलेले असतील तर मात्र नाही, आधी घासून धुवायला हवं. अडचण अशी की ब्लीच तुमच्या सुऱ्याचं अॅल्युमिनियम काळं पाडतं आणि पोलादालाही खातं. उंच ग्लासात फक्त पातं गार्डच्या खालपर्यंत बुडवा, घड्याळ लावा, आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन वाळवा. त्याहून बरं म्हणजे डोकं वेगळं करायला स्वस्तातला दुसरा सुरा ठेवा आणि ११९ त्या कामाला लावूच नका.

राहिला कायदा. मिशिगनमध्ये खंजिरासारखी किंवा दोन्ही बाजूंनी धार असलेली भोसकायची शस्त्रं लपवून किंवा गाडीत बाळगणं गुन्हा आहे. शिकारीसाठी बनवलेला आणि शिकारीसाठीच बाळगलेला सुरा त्यातून वगळलाय. हंगामात सामानासोबत, कमरेवर उघडा असलेला ११९ त्यात बसतो. जुलैमध्ये डेट्रॉइटच्या रस्त्यावर सीटखाली पडलेला बसेलच असं नाही. पाठीच्या कापलेल्या भागाला धार काढू नका म्हटलं त्याचं दुसरं कारण हेच, दुधारी पात्याची बाजू मांडणं अवघड जातं.

भारतात न्यायचा असेल तर तो फक्त चेक-इन सामानात, पात्यावर पुठ्ठ्याचं घट्ट आवरण घालून. भारताच्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. सहा इंचांचं, इंचभर रुंद पातं त्या मापाच्या आत आहे. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. विमान कंपनीला आधी विचारा, आणि पुण्यात तो घरातच राहू द्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी सुरा बाळगणं हाच गुन्हा ठरतो. आणि तिकडे त्याला त्याचं काम नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. वडिलांना दाखवायचाच असेल तर खुशाल न्या, पण परत आणा आणि १५ नोव्हेंबरच्या आधी धार तपासून ठेवा. हंटर सेफ्टीचा कोर्स अजून झाला नसेल तर तो सप्टेंबरातच उरकून घ्या. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना पहिला परवाना सहसा त्याशिवाय मिळत नाही, आणि ऑक्टोबरात वर्ग भरलेले असतात.